विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर शेअर फोल्डर उघडत नाही, मदत हवी आहे

दुकानात पाच पीसी, एकच वर्कग्रुप. सर्व्हरचा खर्च नको, म्हणून हीच रचना ठेवायची आहे. बिलिंगचा डेटा काउंटरच्या पीसीवर (विंडोज १० प्रो) पासवर्डशिवाय शेअर केलाय. दोन पीसींवर विंडोज ११ प्रोचं २४एच२ आल्यापासून तेवढ्या दोघांवर फोल्डर उघडत नाही. पिंग जातो, नेटवर्क प्रायव्हेट आहे, थेट आयपी टाकला तरी गेस्ट (पासवर्डशिवायचा) अ‍ॅक्सेस अडवल्याचाच एरर.

कारण सापडलं: २४एच२ मध्ये एसएमबी सायनिंग (फाइल शेअरिंगच्या प्रत्येक संदेशावरची डिजिटल सही) सक्तीचं आहे आणि गेस्ट लॉगिनला ते चालत नाही. सायनिंग बंद करा असं कृपया सुचवू नका, डेटा हिशेबाचा आहे. काउंटरच्या पीसीवर पासवर्ड असलेलं लोकल अकाउंट तयार करून त्याचं नाव-पासवर्ड बाकीच्या पीसींवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्ड साठवायची सोय) सेव्ह करणार आहे. चौघांना एकच अकाउंट द्यावं की प्रत्येकाला वेगळं? वेगळं दिल्यास फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्ही टॅबमध्ये परवानग्या किती द्याव्यात?