मदत हवी आहे: उंची कमी, पहिली गिअरची गाडी कोणती घ्यावी? (नाशिक)

नागलीची_भाकर
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. स्कूटर सोडून गिअरची गाडी घ्यायची आहे आणि उंची कमी आहे. शोरूमवाला प्रत्येक गाडीपाशी "बसून बघा मॅडम, सवय होते" म्हणतो आणि मग हळूच स्कूटरच्या रांगेकडे घेऊन जातो. दोन रविवार यातच गेले. पावसाच्या आधी गाडी दारात हवी. स्प्लेंडर, रेडर आणि ॲव्हेंजर या तिघींत अडकले आहे. कोणती घेऊ?
"स्कूटीच घ्या" असं कृपया कोणी लिहू नका. ते घरी रोज ऐकते.

पंचवटीकर
उंची कमी म्हणजे किती? बजेट? रोजचं रनिंग? एकटी की डबलसीट? गिअर येतो का? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

सिडकोचा_सम्या
स्कूटीच घ्या ताई. १२५ ची घ्या, पळते चांगली.

कट्टर_बुलेट
बुलेट ३५० घ्या. माझ्या मामेबहिणीने घेतली, आता ऐटीत फिरते. रस्त्यावर मान मिळतो. छोट्या गाडीला ट्रकवाला विचारत नाही.

नागलीची_भाकर
सम्या, शेवटची ओळ वाचली नाहीत की वाचून लिहिलंत?
@पंचवटीकर, घ्या. उंची ४ फूट ११. वजन ४८. बजेट लाख, फार तर सव्वा. कृषी सहायक आहे, राहते मखमलाबादला, गावं पेठ तालुक्यात. जाऊन-येऊन ९०-१०० किलोमीटर, वाटेत सावळघाट. डांबर सोडलं की मुरूम आणि तांबडी माती, पावसात त्याचा चिखल. स्कूटरचं चाक एवढंसं, खड्ड्यात गेलं की पोटाखालून घासते. गेल्या आषाढात एका बांधाजवळ दोन शेतकरी दादांनी उचलून बाहेर काढली, माझ्यासकट म्हणा हवं तर.
मान नको, भाऊ. वेळेत पोचायचं आहे.

कोथरूडचा_बाळ
इलेक्ट्रिकचा विचार केलात का? मेंटेनन्स शून्य.

पंचवटीकर
बाळ, रोज १०० किलोमीटर, मध्ये घाट, आणि पावसाळ्यात पेठकडची लाईट. तुम्हीच विचार करा.
ताई, गिअर येतो का याचं उत्तर राहिलं. लायसन्स कोणतं आहे?

अवांतरराव
अवांतर: आता कृषी सहायक नाही, सहायक कृषी अधिकारी म्हणायचं. पदनाम बदललंय.

नागलीची_भाकर
पदनाम बदललं, रस्ता तोच आहे.
लायसन्स स्कूटरचं, विनागिअरचं. गिअर येतो असं वाटत होतं. महिन्यापूर्वी सहकाऱ्याची १५० सीसी मैदानात चालवून बघितली. चार चकरा छान झाल्या. थांबताना पाय पोचला नाही आणि गेले. गुडघा सोलला, गाडीचा इंडिकेटर गेला, तो भरून दिला. तेव्हापासून सगळे म्हणतात की तुझी उंची नाही, नाद सोड.

ॲव्हेंजरप्रेमी
मग प्रश्नच मिटला. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिमी. एवढी खाली दुसरी मिळणार नाही. दोन्ही तळवे जमिनीला. मी माझ्यावर सप्तशृंग गडाच्या पायथ्यापर्यंत बायकोला घेऊन जाऊन आलोय.

पाना_नंबर_दहा
गॅरेज आहे माझं, म्हणून थोडं लांब लिहितो.
ॲव्हेंजर बुटकी आहे, पण १६० सीसीवालीसुद्धा दीडशे किलोच्या वर जाते. लांबही आहे. पाय पुढे सोडून बसायचं असल्याने खड्डा आला की सीटवरून उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला. गडाचा रस्ता डांबरी आहे हो, यांना बांधावर जायचंय. चिखलात वळवताना ४८ किलोच्या माणसाने तिला ओढायची कशी?
कागदावरच्या सीटच्या उंचीला भुलू नका. स्प्लेंडर ७८५, रेडर ७८०, शाइन १०० ची ७८६. पाच-सहा मिमी म्हणजे चपलेची झीज. त्यापेक्षा सीट मांडीपाशी किती रुंद आहे ते बघा. पाय सरळ खाली जात नाही, सीटच्या कडेला वळसा घालून जातो. रुंद सीट तेवढी उंची खाऊन टाकते.
दुसरं वजन. शाइन १०० ची ९९ किलो, स्प्लेंडर ११२, रेडर १२३. ३५० सीसीची हंटर १८१. गाडी कलली की पहिल्या चार बोटांत सावरता येते, त्यापुढे ती वजनाने जाते. हलकी गाडी ती चार बोटांची सहा करते.

कट्टर_बुलेट
म्हणजे ३५० वाले सगळे वेडे?

पाना_नंबर_दहा
नाही. पण ज्यांच्या पडतात त्यांच्या लेगगार्डवर माझं घर चालतं.

ॲव्हेंजरप्रेमी
गॅरेजवाल्यांना गाडी न पडणं परवडत नाही हे आत्ता कळलं.

रात्रपाळी
मी परिचारिका. उंची ४ फूट १०, म्हणजे तुमच्याहून इंचभर खाली. सहा वर्षं स्प्लेंडर चालवते, देवळाली कॅम्पहून येते.
आधी एक सांगा. पडलात तेव्हा हँडल सरळ होतं की वळलेलं? आणि ब्रेक हाताचा दाबला होता की पायाचा?

नागलीची_भाकर
वळलेलं. गाडीचे मालक जिथे उभे होते तिकडे वळून थांबत होते. ब्रेक हाताचाच, स्कूटरची सवय. खाली मुरूम होता.

रात्रपाळी
मग उंचीने नाही पडलात. सहा फुटांचा माणूसही तसाच पडला असता. चालण्याच्या वेगात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला बसते. मुरूम असला तर विचारायलाच नको.
मी काय करते ते सांगते. थांबायच्या आधी दहा पावलांवर ठरवते की डावा पाय कुठे पडणार. खड्डा, खडी, ऑइल सांडलेलं असेल तर गाडी तिथे नेतच नाही. हँडल सरळ करते. शेवटच्या दोन-तीन पावलांत हाताचा ब्रेक सोडून फक्त पायाचा. गाडी थांबता थांबता डाव्या बाजूला अर्धी सरकते, म्हणजे उजवी मांडी सीटवर आणि डावा पाय पूर्ण टेकलेला. उजवा पाय ब्रेकवरून हलत नाही. सिग्नलला डावीकडे फूटपाथची कड असेल तर ती आपल्यासाठीच बांधलीय असं समजायचं.
दोन्ही पाय टेकायलाच हवेत हे डोक्यातून काढा. एक पुरतो.
होळकर पूल उतरून मालेगाव स्टँडचा चढ आहे ना, तिथे गर्दीत थांबून पुन्हा निघता आलं की गाडी आली. उजवा पाय ब्रेकवर, डावा खाली, क्लच हळूहळू सोडायचा. गाडी थरथरायला लागली की ब्रेक सोडायचा. पण आधी रिकाम्या मैदानात, सकाळी सहाला.
आणि ओढणी घरी ठेवा, नाहीतर कमरेला घट्ट बांधा. साडीगार्ड असलं तरी चेन आहे ती.

पाना_नंबर_दहा
ताईंनी लाखातलं सांगितलं. त्यात एक भर. १२५ आणि त्याखालच्या बहुतेक नव्या गाड्यांना पायातला ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, तशीच जोडणी असते. त्यामुळे पाय एकदम खच्चून दाबायचा नाही. १२५ च्या वर एबीएस येतं, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही.

पंचवटीकर
लायसन्सचं सगळेच विसरले. विनागिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवलीत आणि काही झालं तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारेल. जुन्याच लायसन्सवर गिअरचा वर्ग वाढवून घ्या. लर्निंग निघालं की ३० दिवसांनी पक्की परीक्षा, लर्निंग ६ महिने चालतं. पेठ रोडच्या आरटीओला आठचा आकडा काढावा लागतो, त्यात पाय टेकला की परत. रोज त्याच रस्त्याने जाता तुम्ही, एक दिवस वळा आत.

सिडकोचा_सम्या
हेल्मेटपण घ्या. २०२१ ला १५ ऑगस्टपासून नो हेल्मेट नो पेट्रोल सुरू झालं होतं तेव्हा आमच्या पंपावर एकच हेल्मेट पाच डोक्यांवरून फिरायचं. शेवटच्याचं डोकं सगळ्यात मोठं, त्याचं अडकलं.

अवांतरराव
हा हा. आमच्याकडे एकाने बायकोची कढई घातली होती.

पंचवटीकर
धागा उंचीचा आहे, डोक्याचा नाही.

नागलीची_भाकर
@रात्रपाळी ताई, काय बोलू. महिनाभर मी उंचीलाच शिव्या देत होते.
आता पुढचं. सीट कापून घेतात म्हणे, ते करू का? आणि शॉकअप खाली करतात ते?

पाना_नंबर_दहा
शॉकअपला हात लावू नका. गाडी खाली आली की पोटाखालची जागा गेली, म्हणजे स्कूटरचंच दुखणं परत. शिवाय साइडस्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी त्यावर उभट राहते आणि धक्का लागला की उजवीकडे पडते. फार तर मागच्या शॉकअपच्या पायऱ्या सी-पान्याने सगळ्यात मऊवर आणा. तुमच्या वजनाला तेच बरं.
सीटचं असं आहे की लोक वरून दीड-दोन इंच फोम उडवतात. मग १०० किलोमीटरनंतर खालचा पत्रा हाडाला लागतो आणि माणूस मला फोन करतो. वरून अर्धा-पाऊण इंच, बाकी पुढच्या दोन्ही कडा मांडीपाशी तासून घ्यायच्या. पण आधी महिनाभर आहे तशी चालवा. निम्मे लोक नंतर कापायला येतच नाहीत.
घरी एक माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड वही दोन मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत दाबून धरायची, वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची खूण. तिथून जमिनीपर्यंत किती ते सांगा. एकूण उंचीपेक्षा हे माप कामाचं.

नागलीची_भाकर
६८ सेंमी.

पाना_नंबर_दहा
७८५ च्या सीटला दहा सेंमी कमी. गाडी तुमच्या वजनाने थोडी दबेल, बुटाचा तळवा थोडा देईल. दोन्ही चवडे लागतील, टाचा नाही. एका बाजूला सरकलात की एक तळवा पूर्ण. चालतंय की.

रेडरवाला_नाना
मग रेडरच. सीट स्प्लेंडर आणि शाइनहून खाली, दिसायला आजची. स्प्लेंडर दूधवाल्याची गाडी आहे.

रात्रपाळी
नाना, दूधवाला पहाटे चारला चाळीस लिटर लटकवून निघतो आणि पाडत नाही. त्याची गाडी वाईट कशी?

रेडरवाला_नाना
मी फक्त दिसण्याबद्दल बोललो.

पंचवटीकर
सामानाचं काय? स्कूटरला पाय ठेवायची जागा होती, डिकी होती. मोटारसायकलला दोन्ही नाही.

नागलीची_भाकर
अरे हो. हे सुचलंच नव्हतं. मातीच्या नमुन्यांच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या असतात, कधी पंधरा-वीस. किडी पकडायच्या कामगंध सापळ्यांचा खोका. रजिस्टरं. सगळं पायाशीच ठेवत होते.

रात्रपाळी
मागे दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या. जड ते खाली आणि दोन्हीकडे सारखं. सगळं एका बाजूला टाकलंत तर उभी करताना कळेल. मागे उंच गाठोडं मात्र बांधू नका, पाय टाकून चढताना अडतो. मी तशीच एकदा स्टँडवरची गाडी पाडली, वॉर्डातल्या सगळ्या मावश्या खिडकीत.
आणि लावताना तोंड कधीच उताराकडे करू नका. मागे ओढायला आपले पाय पुरत नाहीत. चढाकडे तोंड, म्हणजे निघताना ती आपोआप मागे येते.

जुनंतेसोनं
नवी कशाला? पहिली गाडी पडणारच. पाच-सात वर्षांची घ्या, शिका, मग नवी.

पंचवटीकर
शिकायला जुनी ठीक. रोज १०० किलोमीटरला नाही, सावळघाटात बंद पडली तर? आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुन्या-नव्यातलं अंतर तेवढं कमी झालंय.

कट्टर_बुलेट
३५० पण त्यात बसते, एवढंच नोंदवतो.

नागलीची_भाकर
आठवड्याने लिहिते आहे. रविवारी शोरूमला शेतातले गमबूट घालून गेले. सेल्समन बुटांकडे बघतच राहिला. पण बरं झालं. एका गाडीला बुटाचा जाड चवडा गिअरच्या दांडीखाली जाईचना, पाय हँगरला लटकवल्यासारखा झाला. स्प्लेंडरला दांडी मागेही आहे. चारही गिअर पुढे दाबून पडतात, उतरवायला टाच. बूट दांडीखाली घालावाच लागत नाही. हे तुमच्यापैकी कोणी सांगितलं नाही!
पण बुक केलेली नाही. लर्निंगचा अर्ज भरला. मामाकडे जुनी स्प्लेंडर पडून होती, ती महिन्यासाठी आणली. सकाळी सहाला मैदानात जाते. थांबायचं जमतंय. काल एकदा पडली, पण या वेळी उभी असताना, साइडस्टँड नीट न लावता उतरले. मैदानात एक आजोबा चालत होते. ते म्हणाले, "बाळा, पाडलीस तर पाडलीस, उचलायची कशी ते दाखवतो." पाठ गाडीला टेकवून, गुडघ्यांत बसून, मागे रेटत. उचलली मी एकटीने.

रात्रपाळी
ते आजोबा सोडू नका.

पाना_नंबर_दहा
मामाच्या गाडीची चेन आणि टायर बघून घ्या. पडून असलेल्या गाडीचं रबर कडक होतं. फोटो टाका, नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुनंतेसोनं
तुमची स्कूटर विकणार का? कोणतं मॉडेल? पुतणीसाठी हवी होती.

नागलीची_भाकर
विकायची नाही. आईने कालच तिच्या डिकीत भाजीची पिशवी ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली.

जुनंतेसोनं
मग मामाची?