‘एअरलिफ्ट’: कुवेतहून माणसं प्रत्यक्षात बाहेर कशी पडली?

रविवारचा खेळ
चित्रपट मंडळात ‘एअरलिफ्ट’ दाखवून चर्चा ठेवायची आहे; १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर तिथे अडकलेल्या भारतीयांना परत आणल्याची ती गोष्ट. कथा सगळ्यांना माहीत आहे, मला त्यामागची खरी जुळवाजुळव हवी आहे. विमानं थेट कुवेतला का गेली नाहीत? त्यांना आणणाऱ्या ४८८ उड्डाणांचा आकडा कुठेही वाचायला मिळतो, पण त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. आणि चित्रपटाचा नायक रणजित कटियाल नावाचा माणूस खरंच होता का? सरकार झोपलं होतं हा चित्रपटाचा सूर कितपत खरा आहे? जाणकारांनी तपशिलात लिहावं, ‘अंगावर काटा आला’ छापाचे प्रतिसाद नकोत.

नकाशेवाला
थेट विमान शक्यच नव्हतं. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी फौजा शिरल्या आणि कुवेतचा विमानतळ बंद पडला. लंडनहून मद्रासमार्गे क्वालालंपूरला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं १४९ क्रमांकाचं विमान नेमकं तेव्हाच तिथे उतरलं होतं. ते तिथेच अडकलं आणि त्यातल्या अनेकांना इराकने ओलीस ठेवलं.

राहिला रस्ता. कुवेत ते बसरा, बसरा ते बगदाद, बगदादहून पश्चिमेला वाळवंट तुडवत जॉर्डनची सीमा आणि पुढे जॉर्डनची राजधानी अम्मान, जिथून भारताची विमानं सुटत. सगळं मिळून सुमारे दीड हजार किलोमीटर, तेही ऑगस्टच्या उन्हात. चित्रपटात हा प्रवास एका ताफ्याचा वाटतो. प्रत्यक्षात बसगाड्या कित्येक आठवडे जात होत्या, गट पाडून, याद्या करून.

खरी अडचण बसची नव्हती, कागदाची होती. आखातात कामगाराचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असायचा, आणि मालक हल्ल्यानंतर देश सोडून पळालेला. पासपोर्ट नाही तर जॉर्डनमध्ये पाऊल टाकता येत नाही. म्हणून वकिलातीकडून तात्पुरते प्रवासी कागद मिळवणं ही पहिली पायरी. त्यातच इराकने परदेशी वकिलातींना कुवेतमधून गाशा गुंडाळायला सांगितलं आणि भारताने आपला कारभार बसऱ्याला हलवला. ‘दूतावासातून माणसं पळाली’ असं चित्रपट सुचवतो, ते या हलवाहलवीमुळे.

इराक-जॉर्डन सीमेवर दोन चौक्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात तंबू पडले होते. तिथे भारतीयांबरोबर बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो, इजिप्शियन असे हजारो लोक अडकले. लोंढा इतका की ऑगस्टच्या उत्तरार्धात जॉर्डनने सीमा काही काळ बंदच केली. पुढची विमानं माणसं उचलतील तेवढीच नवी माणसं आत घ्यायची, असा तो मामला होता. तेव्हा अम्मानचं विमान उशिरा सुटलं की वाळवंटातली पाण्याची रांग वाढायची. चित्रपटात हा दुवा जवळपास नाहीच, आणि माझ्या मते तिथेच खरं नाट्य होतं.

तिकीटखिडकी
उड्डाणांचा हिशोब मी मांडतो. एअर इंडियाच्या नावावरचा विक्रम असा: ५९ दिवस, ४८८ उड्डाणं, १ लाख ११ हजारांहून अधिक प्रवासी, अम्मान ते मुंबई ४,११७ किलोमीटर. इंडियन एअरलाइन्सचाही यात हात होता.

४८८ ला ५९ ने भागा: दिवसाला आठाहून थोडी जास्त उड्डाणं. प्रवाशांना उड्डाणांनी भागा: दर खेपेला साधारण २२९ माणसं. जंबोत तेव्हा चारशेच्या आसपास माणसं बसत, त्यामुळे सगळी विमानं जंबो नव्हती हे या सरासरीवरूनच कळतं. एका बाजूचं उड्डाण पाच-साडेपाच तासांचं. जाताना विमान बहुतेक रिकामं, येताना गच्च. इंधन, साफसफाई, कर्मचाऱ्यांची पाळी धरली तर एका विमानाची दिवसाला एकच फेरी नीट बसते. म्हणजे रोज आठेक विमानं नेहमीच्या वेळापत्रकातून उपसायची, आणि हे दोन महिने.

वायुसेनेची विमानं का नाहीत, हा प्रश्न चर्चेत हमखास येईल. सुरुवातीला काही खेपा त्यांनीही केल्या. पण लष्करी विमानाला वाटेतल्या प्रत्येक देशाची परवानगी वेगळी काढावी लागते आणि युद्धाच्या तोंडावर ती सहजी मिळत नाही. नागरी विमानाला हा जाच पुष्कळ कमी.

निर्बंधांचंही लक्षात ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ६ ऑगस्टच्या ६६१ क्रमांकाच्या ठरावाने इराक-कुवेतशी व्यापार थांबवला. औषधांना त्यात सूट होती, अन्नाला मात्र फक्त ‘मानवतेच्या परिस्थितीत’, आणि ती परिस्थिती आहे की नाही हे ठरवायला समिती. त्यामुळे अडकलेल्या भारतीयांसाठी धान्याचं जहाज पाठवायचं तरी आधी न्यूयॉर्कला या समितीकडे अर्ज. २५ सप्टेंबरच्या ६७० क्रमांकाच्या ठरावाने हवाई वाहतुकीवरही बंधन आलं. अम्मान जॉर्डनमध्ये, त्यामुळे तिथली विमानं चालू राहिली.

एकूण आकडा १ लाख ७० हजारांच्या घरात सांगतात. म्हणजे उरलेले पन्नास-साठ हजार लोक जहाजं, इतर कंपन्यांची विमानं आणि इतर वाटांनी आले. १,७०,००० ला ४८८ ने भागून ‘एका विमानात साडेतीनशे’ असं कोणी म्हणालं तर त्याला इथेच अडवा.

जुना पडदा
कटियाल नावाचा माणूस नव्हता. ते पात्र अनेकांना एकत्र करून रचलेलं आहे, मुख्यतः मथुन्नी मॅथ्यूज आणि हरभजनसिंग वेदी यांच्यावरून. मॅथ्यूज कुवेतमध्ये ‘टोयोटा सनी’ म्हणून ओळखले जात. त्यांनी आणि इतरांनी मिळून समिती केली, याद्या केल्या, जेवणाची आणि बसची सोय लावली. समितीचं काम एका नायकाच्या खांद्यावर टाकलं की नायक उठून दिसतो, पण काम दिसेनासं होतं. याद्या कोणी केल्या, आजारी आणि बायका-मुलांना आधी पाठवायचं हे कोणी ठरवलं, भांडणं कोणी मिटवली, यातलं काहीच पडद्यावर उरत नाही.

सरकारबद्दल चित्रपट अन्याय करतो. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्येच बगदादला जाऊन सद्दाम हुसेनला भेटले. त्या भेटीतल्या मिठीवरून त्यांच्यावर जगभर टीका झाली, पण इराकने पाश्चिमात्य नागरिकांना डिसेंबरपर्यंत रोखून धरलं असताना भारतीयांना जाऊ दिलं. मिठी योग्य होती का, यावर मंडळात तासभर भांडता येईल आणि ते भांडण चित्रपटापेक्षा रंजक होईल. २०१६ मध्ये चित्रपट आल्यावर परराष्ट्र मंत्रालयाने आणि तेव्हा आखात विभाग सांभाळणाऱ्या के. पी. फेबियन यांनी याच मुद्द्यावर आक्षेप घेतला होता. कुमुद मिश्राचा एकटा सज्जन अधिकारी छान उभा राहिलाय, पण दिल्लीत एकच माणूस जागा होता हे पटत नाही.

इनामुलहकचा इराकी मेजर मात्र जमलाय. लाच, मैत्री आणि धमकी एकाच वाक्यात, दर चौकीवर भाव नवा.

रविवारचा खेळ
खूप आभार. मध्येच खेळ थांबवून बोलायचं तर कुठे थांबवू? आणि परत आल्यावर लोकांना काही मिळालं का?

नकाशेवाला
ताफा निघतो तिथे थांबवा. विचारा: यातल्या किती जणांकडे पासपोर्ट असेल आणि नसेल तर सीमेवर काय होईल? पुढचं सगळं त्यातून निघतं.

फाईलबंद
भरपाई मिळाली, पण उशिरा. १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने जिनिव्हात भरपाई आयोग स्थापला. इराकच्या तेल उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंत, त्यासाठी राखला होता. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात इराक किंवा कुवेत सोडावं लागलेल्यांसाठी ‘अ’ वर्ग होता: एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. दुसऱ्या वर्गात दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ४,००० आणि ८,०००. घर, गाडी, बुडालेला पगार अशा एक लाख डॉलरपर्यंतच्या वैयक्तिक नुकसानीसाठी ‘क’ वर्ग, पण त्याला पुरावे लागत. ‘अ’ वर्गात देश सोडल्याचा आणि तारखेचा साधा पुरावा पुरे होता. पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिलेल्यांना इथे वकिलातीचा तोच तात्पुरता कागद उपयोगी पडला, अर्थात त्यांनी तो जपून ठेवला असेल तर.