विषय: कुत्रीच्या बरगडीवर गाठ – थांबावं की दाखवावं?

मंडळी, नमस्कार.
आमच्या लॅब्राडोरला (मादी, 9 वर्षं) डाव्या बरगड्यांवर कातडीखाली सुपारीएवढी गाठ लागतेय. मऊ आहे, बोटाने सरकते, दुखत नाही. खाणंपिणं उत्तम. म्हणजे चरबीचीच ना?

———

> मऊ आहे, बोटाने सरकते

ताई, इथेच फसगत होते. या वयात चरबीची गाठ (लायपोमा) पुष्कळदा असते, हे खरं. पण मास्ट सेल ट्यूमर हा त्वचेचा कर्करोगही हाताला अगदी तसाच लागू शकतो आणि लॅब्राडोर, बॉक्सर, पग यांच्यात तो बराच आढळतो. नुसतं चाचपून अनुभवी व्हेटलाही खात्री देता येत नाही. गाठ 1 सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा महिनाभर टिकली असेल, तर सुईने नमुना घ्यायचाच. तुमची मापानेच त्यात बसते.

यात धास्तावण्यासारखं काही नाही. 22 गेजची बारीक सुई गाठीत घालून दोन-तीन दिशांनी फिरवतात आणि आलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सहसा भूल लागत नाही. पट्टीवर नुसते तेलकट थेंब दिसले तर बहुधा लायपोमा. पण सुई गाठ चुकून शेजारच्या चरबीत गेली तरी हेच दिसतं! म्हणून ‘चरबी’ असा निकाल आलेली गाठ पुढे वाढली किंवा घट्ट झाली, तर पुन्हा सुई घालायला सांगा. काही सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचे कर्करोग) सुईत पेशी सोडतच नाहीत, त्यांना तुकडा काढून बायोप्सी लागते.

जाण्याआधी लांबी-रुंदी मोजा, शेजारी पट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहा. गाठीवरचे केस थोडे कातरून पेनने खूण करा. टेबलावर कुत्रं अंग आखडतं आणि घरी सहज लागणारी गाठ तिथे सापडत नाही. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांमागे दोन्हीकडे चाचपा, तिथल्या लसीका ग्रंथी सुजल्यात का ते कळेल. मादी असल्याने छातीपासून जांघेपर्यंत स्तनांच्या दोन्ही रांगाही बघा.

गाठ सारखी दाबू नका, पिळू तर मुळीच नका. मास्ट सेल असेल तर त्यातून हिस्टामिन (सूज आणणारं रसायन) सुटतं: गाठ फुगते, लाल होते, पुढे उलट्या किंवा काळी शी होऊ शकते. आज मोठी, उद्या लहान, असं होत असेल तर ते व्हेटना आवर्जून सांगा.

———

वरच्या पत्राला माझी भर.

नमुना घेण्याआधी स्टेरॉइड सुरू करू नका. लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) असेल तर स्टेरॉइडने ग्रंथी तात्पुरत्या आकसतात आणि निदान हुकतं. माणसांची आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अजिबात नको.

‘आधी काढून टाकू, मग बघू’ हेही टाळा. मास्ट सेल काढताना भोवतीचा 2 ते 3 सेंटिमीटर निरोगी भाग आणि खालचा पापुद्रा घ्यावा लागू शकतो. लायपोमा समजून जेमतेम गाठच काढली, तर कडेला पेशी राहतात आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड होते. गाठ काढलीच, तर सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवा आणि अहवालात कडा स्वच्छ आहेत का, हे विचारा.

गाठ गरम, दुखरी, पू किंवा रक्त येणारी असेल, किंवा दिवसागणिक वाढत असेल, तर नेहमीच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच न्या. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, तेव्हा याच आठवड्यातली वेळ घेतलीत तरी चालेल.