पहिलीच्या वर्गाने सांकेतिक भाषा शिकावी का?

कांचनमृग:
लेकीच्या वर्गात यंदा एक कर्णबधिर मुलगी आलीय. परिपाठ झाला की बाई दहा मिनिटं सगळ्याच पोरांना भारतीय सांकेतिक भाषेतल्या खुणा शिकवतात. पाणी, डबा, शू, आता माझा नंबर. दिल्लीच्या संशोधन केंद्राचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ-कोश आहे, तो बघून बाई स्वतः रात्री शिकतात. परवा पालकसभेत चार जण उखडले. माझं मत, शिकवावंच. त्या एकटीने तीस जणांचे ओठ वाचत बसायचं हा कुठला न्याय? आरशासमोर आवाज न काढता 'पापा, बाबा, मामा' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा तसेच हलतात.

घाटावरचा:
त्या चौघांतला एक मीच समजा. आमच्या चिरंजीवांना अजून जोडाक्षरं येत नाहीत. रोजची दहा मिनिटं म्हणजे आठवड्याला तास गेला. एका मुलीसाठी शिक्षक नेमा ना, वर्गाला का जुंपता?

जाई_२०१५:
माझा आक्षेप वेगळा आहे. मुलाला अडीचाव्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवतात ते ऐकायचं मशीन) केलं. तीन वर्षं दर शनिवारी एसटीने स्पीच थेरपीला. आता कुठे "आई, भूक लागली" सलग म्हणतो. वर्गात खुणेवर भागलं तर तोंड कशाला उघडेल?

कांचनमृग:
जाई, ही भीती फार जुनी. १८८० साली मिलानच्या परिषदेत ठरवलं की बधिर मुलांना बोलूनच शिकवायचं. ते ठराव फेटाळायला २०१० उजाडलं, व्हँकुव्हरला. आणि मशीनची बॅटरी उतरली की? पोहताना, झोपताना?

जाई_२०१५:
बॅटरीचं खरं आहे. पण १८८० चं मला सांगू नका, तेव्हा इम्प्लांट नव्हतं. एसटीचे धक्के मी खाल्लेत.

हातघाई:
मी बधिर आहे. (मूकबधिर नव्हे, मुका नाही मी.) चौथीपर्यंत साध्या शाळेत होतो. बाई फळ्याकडे तोंड करून बोलायच्या, मी त्यांच्या वेणीकडे बघायचो. पोरं हसली की मीही हसायचो, म्हणून सगळ्यांना वाटायचं याला कळतंय. पाचवीला निवासी शाळेत टाकलं. तिथेही वर्गात खुणा चालत नसत, पण रात्री पंगतीत मोठी मुलं हातांनी गोष्टी सांगायची. ताटातला भात गार व्हायचा. विनोद कळून हसलो तो तिथे, पहिल्यांदा.
म्हणून जाईंशी पटत नाही, पण कांचनमृग यांच्याशीही पूर्ण पटत नाही. पाणी-डबा ही भाषा नव्हे. 'तुझं नाव काय' मधला 'काय' आम्हीही शेवटी करतो, पण सोबत चेहरा लागतो. नुसते हात हलवले तर वाक्य अर्धंच. वीस खुणा येणाऱ्या तीस मैत्रिणी मिळाल्या तरी ती मुलगी गोष्ट कोणाकडून ऐकणार? शाळेत दुसरं बधिर मूल आहे? २०१६ च्या कायद्यात सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमावेत असं लिहिलंय, दिव्यांग शिक्षकांसह. तुमच्याकडे एक तरी आहे?

कांचनमृग:
नाही. दुसरं मूलही नाही. खरं तर हे मी बाईंना विचारलंच नव्हतं, सोमवारी विचारते. दहा मिनिटं मात्र बंद करू नयेत असंच वाटतं. त्या मुलीने लेकीला नावाची खूण दिलीय, गालावरच्या खळीत बोट.

हातघाई:
ही खूण स्वतःची स्वतः ठरवता येत नाही, बधिर माणसानेच द्यायची असते. पोरीला सांगा, जपून ठेव.

घाटावरचा:
आमच्याकडेही आलीय म्हणे. बाहीला नाक पुसायची. पठ्ठ्या घरभर करून दाखवतोय. माझं मत बदललेलं नाही.