स्टालिनग्राडमध्ये ‘२० लाख मेले’ असं लिहिणं थांबवा

व्होल्गाकाठ (धागाकर्ता)

“स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यात पाच महिन्यांत २० लाख माणसं मेली, पण तिथेच युद्ध फिरलं.” ही पोस्ट दोन दिवस फिरते आहे आणि हे २० लाख आले कुठून, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

२० लाख ही दुसऱ्या महायुद्धातल्या या लढाईत सोव्हिएत आणि जर्मन अशा दोन्ही बाजूंच्या एकूण हानीची ढोबळ बेरीज आहे. मेलेले, जखमी, आजारी, बेपत्ता, पकडले गेलेले, सगळे तिच्यात आले. रशियन लष्करी इतिहासकार क्रिवोशेयेव यांनी १९९३ साली सोव्हिएत दप्तरातून काढलेले आकडे बघा. १७ जुलै १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३ या काळात एकट्या सोव्हिएत सैन्याची एकूण हानी ११,२९,६१९. त्यात कायमचे गेलेले, म्हणजे मेलेले, बेपत्ता आणि कैद झालेले, ४,७८,७४१. उरलेले ६,५०,८७८ जखमी नि आजारी. जखमींची मोजणीही माणसागणिक नसते. सप्टेंबरात खांद्याला गोळी लागून व्होल्गा नदीपार गेलेला सैनिक डिसेंबरात पाय गोठून पुन्हा इस्पितळात आला, की तो दोनदा मोजला जातो.

आणि ज्यांचा खरोखर जीव गेला त्यातला एक मोठा गट या हिशेबात नाहीच: शहरातले रहिवासी. १९३९ च्या जनगणनेत शहराची वस्ती ४ लाख ४५ हजार. लढाई संपली तेव्हा शहरात ३२,१८१ माणसं मोजली गेली. त्यातली ३०,६६६ एकट्या किरोव्ह भागातली, आणि हा दक्षिणेकडचा भाग जर्मनांच्या हाती कधी पडलाच नव्हता. लढाई झालेल्या बाकीच्या भागांत मिळून उरले १,५१५. बाकीचे सगळे मेले असं नाही. बरेच नदीपार गेले, बऱ्याच जणांना जर्मनांनी पश्चिमेला कलाच आणि बेलाया कालित्वाच्या दिशेला पायी हाकललं. पण ‘२० लाख’ लिहिणाऱ्याला या १,५१५ चा पत्ताच नसतो, राग त्याचा आहे.

कागदीवाघ

आकड्यांचा कीस पाडून मृत्यू कमी करून दाखवायची ही पद्धत ओळखीची आहे. तुमचा क्रिवोशेयेव ज्या अहवालांवर उभा आहे ते अहवाल लिहायला माणूस उरलेला असावा लागतो. जी बटालियन पुरती संपली तिचा अहवाल कोण पाठवणार? रात्री होडीतून उजव्या काठावर उतरलेल्या भरतीची नावं कंपनीच्या यादीत चढायच्या आत निम्मे गेलेले असत. ते कोणत्या रकान्यात? आणि २३ ऑगस्टच्या जर्मन बॉम्बफेकीत एका दिवसात ४०,००० गेले, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही.

व्होल्गाकाठ

काढलं नाही, कारण तो आकडा मला पटत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनवर फेब्रुवारी १९४५ मध्ये याहून कितीतरी जड बॉम्बफेक झाली आणि इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये तिथले मृत्यू २५ हजारांपर्यंत ठरवले. मग हलक्या बॉम्बफेकीत ४० हजार?

कागदीवाघ

तुलनाच चुकीची आहे. स्टालिनग्राडच्या दक्षिणेला अन् नाल्यांच्या काठाने अख्ख्या वस्त्या लाकडी घरांच्या. आग लागली की फक्त मातीच्या चुली नि धुराडी उभी राहिली. वर शहर निर्वासितांनी तुडुंब, तेलाच्या टाक्या फुटून जळतं तेल नदीवर पसरलेलं. पळायला नदीकाठ सोडून दुसरी जागा नव्हती. आकडा ४० असेल नाहीतर २०, पण ड्रेस्डेनची फूटपट्टी इथे लावू नका.

व्होल्गाकाठ

लाकडी घरांचा मुद्दा मान्य. ४० हजार तरीही मान्य नाही.

गोठलेलीनदी

तुम्ही दोघंही सोव्हिएत बाजूच मोजताय. ९१ हजार जर्मन शरण आले, घरी पोचले पाच ते सहा हजार, शेवटचे १९५५ मध्ये. हा सरळसरळ ठरवून केलेला खून होता. ढिगाऱ्याच्या लढाईची किंमत म्हणता तर ही का नाही?

रात्रपाळी

‘खून’ म्हणण्याआधी ती माणसं शरण आली तेव्हा कोणत्या अवस्थेत होती ते बघा. जर्मनांच्या सहाव्या सैन्याला वेढा पडला २३ नोव्हेंबरला. रोज निदान ३०० टन रसद विमानाने हवी होती, प्रत्यक्षात सरासरी त्याच्या निम्मीही पोचली नाही. युंकर्स ५२ या मालवाहू विमानात साधारण दोन टन माल बसतो, म्हणजे रोज दीडशे विमानं उतरायला हवीत, तीही हिवाळ्यात. रात्री उतरायची नीट सोय फक्त पितोम्निकच्या विमानतळावर, आणि तो १६ जानेवारीला सोव्हिएत सैन्याच्या हाती पडला. डिसेंबरात पाव माणशी २०० ग्रॅमवर आला, जानेवारीत शंभराच्याही खाली. घोडे आधीच खाऊन संपलेले.

तोफगोळा न लागता माणसं पटापट मरायला लागली म्हणून डिसेंबरात गिर्गेनसोन हे शवचिकित्सक विमानाने वेढ्यात धाडले गेले. गोठलेली प्रेतं आधी ऊब देऊन सैल करावी लागत, मग चिरता येत. ५० प्रेतं उघडली, निम्म्यांत उपासमारीच्या स्पष्ट खुणा. कातडीखाली आणि आतड्यांभोवती चरबीच नाही.

आता कळीची गोष्ट. असं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं. पेशींतलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आटलेलं, पण रक्तात पातळी वरवर ठीक दिसते. अशा माणसाने एकदम पोटभर खाल्लं की इन्सुलिन उसळतं आणि उरलंसुरलं फॉस्फेट रक्तातून पेशींत खेचलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, पाय सुजतात. दोन-चार दिवसांत माणूस भरल्या पोटी मरतो. आज अशा रुग्णाला आधी बी-१ जीवनसत्त्व देतात, मग अन्न. तेही पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे १० किलोकॅलरी, अगदी खंगलेला असेल तर ५. म्हणजे ४५ किलोच्या माणसाला २२५ ते ४५०. पूर्ण आहारावर यायला चार ते सात दिवस. हे १९४३ साली कुठल्याच सैन्याला नीट ठाऊक नव्हतं.

आणि टायफस. कृपा करून टायफॉइड लिहू नका, प्रत्येक वेळी हीच चूक होते. टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून होतो, टायफस अंगावरच्या उवांमुळे. ऊ ऊबदार अंगावरच राहते. प्रेत गार पडलं की ती निघून शेजारी झोपलेल्याच्या कपड्यांत शिरते. तिची विष्ठा खाजवून झालेल्या जखमेत गेली की साधारण दहा ते चौदा दिवसांत ताप. माणसाला अंघोळ घालून भागत नाही, कपड्यांच्या शिवणी उकळाव्या लागतात किंवा कोरड्या उष्णतेत तापवाव्या लागतात. लिखा आठवड्याभरात फुटतात, म्हणून पुन्हा एकदा. त्याला पाणी हवं, सरपण हवं, बदलायला दुसरा जोड हवा. झाडं नसलेल्या गवताळ माळावर, फेब्रुवारीत, एवढ्या लोकांसाठी हे कुठून आणणार?

गोठलेलीनदी

वैद्यकाचा धडा छान, पण उत्तर टाळताय. साध्या शिपायांतले ९५ टक्क्यांच्या आसपास मेले, ज्येष्ठ अधिकाऱ्यांतले ५ टक्के. उवांना खांद्यावरची पदचिन्हं वाचता येतात का? शिपायांना बर्फातून पायी हाकललं, मागे पडलेल्याला गोळी घातली, बेकेतोव्हकाच्या छावणीत कोंबलं. अधिकाऱ्यांना वेगळा शिधा, वेगळी छावणी. म्हणजे जगवता येत होतं, फक्त जगवायचं कोणाला हे ठरवलेलं होतं.

रात्रपाळी

अधिकारी वेढ्यातही थोडं जास्त खात होते, त्यामुळे फरकाचा काही भाग तिथलाच. पण ५ आणि ९५ मधली सगळी दरी त्याने भरत नाही, हे मला मान्य करावं लागतं. पायी चाल आणि शिध्यातला भेद हे निर्णय होते. ‘सरसकट खून’ हा शब्द मी तरीही वापरणार नाही.

कागदीवाघ

जर्मन कैद्यांबद्दल एवढं लिहिताय, मग त्याच वेढ्यात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या सोव्हिएत कैद्यांबद्दल गप्प का? गुमराक आणि वोरोपोनोवोच्या छावण्यांत हजारो होते. आपल्याच माणसांना पुरत नाही म्हणून त्यांचा शिधा आधी तोडला. सुटका झाली तेव्हा मूठभर जिवंत. सहाव्या सैन्याबरोबर राबणारे सोव्हिएत मदतनीस, ज्यांना जर्मन ‘हिवी’ म्हणत, तेही हजारोंनी होते. शरणागतीनंतर त्यांना कोणीच मोजलं नाही. सोव्हिएत वहीत ते फितूर, जर्मन वहीत परके.

व्होल्गाकाठ

हिवींचा मुद्दा माझ्या मूळ लेखनात यायला हवा होता, राहिला. ती चूक माझी.

पण बेपत्ता हा रकाना एवढा मोठा का, तेही सांगतो. लाल सैन्यात ओळखीसाठी एबोनाइटची (कडक काळ्या रबराची) छोटी डबी असे, पाचेक सेंटिमीटरची, आट्याच्या झाकणाची. आत चिठ्ठीच्या दोन प्रती: एक प्रेताबरोबर राहायची, दुसरी कार्यालयात जायची. चिठ्ठी भरली की मरण ओढवतं या समजुतीने कित्येकांनी ती कोरी ठेवली, काहींनी डबीत सुया ठेवल्या. १७ नोव्हेंबर १९४२ ला, सोव्हिएत प्रतिहल्ल्याच्या दोन दिवस आधी, डबी बंदच केली. तिच्या जागी फक्त कागदी ओळखपुस्तिका उरली, आणि ती मातीत एका पावसाळ्यातही टिकत नाही. जर्मन बिल्ला धातूचा, मधोमध भोकांची रेघ. मेल्यावर खालचा अर्धा मोडून कळवायचा. उत्खननात अख्खा बिल्ला मिळाला, तर त्या मृत्यूची खबर बहुधा कोणी दिलीच नव्हती.

म्हणून आजही डबी सापडली तर जागेवर उघडत नाहीत. ओल्या मातीसकट पिशवीत घालून नेतात. वाळली की कागदाचा भुगा होतो. पाण्याखाली झाकण सोडवायचं, सुईने एकेक पदर उलगडायचा, काचेच्या दोन पट्ट्यांत धरायचा. साध्या शिसपेन्सिलीचं लिखाण वाचता येतं, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचं पाण्यात विरघळून गेलेलं असतं.

कागदीवाघ

शहरातल्या मामायेव टेकडीवर चौरस मीटरमागे ५०० ते १,२५० लोखंडी तुकडे निघाले होते. अशा मातीत मेटल डिटेक्टर सतत वाजत राहतो, डबी तर एबोनाइटची, तिच्यावर वाजतच नाही. लोखंडी सळीने टोचत, आवाजावरून हाड, लाकूड, धातू ओळखत जावं लागतं. तुमच्या ४,७८,७४१ वर मी अजूनही विश्वास ठेवत नाही. पण २० लाख ‘मृत’ लिहिणं चूक आहे. ती पोस्ट टाकणाऱ्याने निदान ‘हानी’ असा शब्द करावा.