टेस्टमधून लोकलहोस्ट हाकला म्हणणाऱ्यांना उत्तर (जरा लांबलंय)

तापीकाठ: काल इथे कुणी लिहिलं, ‘टेस्टमध्ये सरसकट १२७.०.०.१ ठोका, लोकलहोस्टचे लाड बंद करा.’ वर पन्नास अंगठे. लोकलहोस्ट म्हणजे आपल्याच मशीनचं नाव; त्याचे पत्ते दोन, जुन्या आयपी व्ही४ चा १२७.०.०.१ आणि नव्या व्ही६ चा ::१. अहो, नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) आवृत्ती १७ आली २०२१ मध्ये. तोवर लोकलहोस्ट म्हटलं की व्ही४ चा पत्ता आधी यायचा. १७ पासून सिस्टिम देईल तो क्रम. आमचा सर्व्हर बसलेला १२७.०.०.१ वर, टेस्ट गेली ::१ कडे, कनेक्शन रिफ्यूज्ड. टेस्टने खोट दाखवली आणि तुम्ही टेस्टचंच तोंड दाबताय.

भुसावळ_यार्ड: पोस्ट माझीच. उपदेश झाला असेल तर ऐका. आमच्या सीआयच्या, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या, कंटेनरमध्ये व्ही६ बंद. ::१ वर बाइंड केलं, म्हणजे सर्व्हर त्या पत्त्यावर बसवला, की एरर. त्यापायी शनिवारी भरीत पार्टीत मी बांधावर लॅपटॉप मांडीवर घेऊन लॉग वाचत होतो. तिकडे पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या काड्यांवर, वांगी भाजून तयार.

कळण्याची_पुरी: पऱ्हाट्या? तुरीच्या काड्या लागतात भो.

धुळेकर: आमची ही गॅसवर भाजते, वर टोमॅटो घालते. अजून कुणी मेलं नाही.

कळण्याची_पुरी: टोमॅटो!! मग मिक्सरमध्येच फिरवा ना. लाकडी बडगीत ठेचल्याशिवाय भरीत म्हणूच नका. २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आपल्या जळगावच्या वांग्याला, ते काय टोमॅटोसाठी?

भुसावळ_यार्ड: बामणोदची वांगी होती. मला घासही मिळाला नाही. हे कुणी विचारत नाही.

तापीकाठ: वांगी ठेवा बाजूला. सुरुवातीला ::१ वर एकदा बाइंड करून बघा, नाही जमलं तर व्ही६ च्या टेस्ट स्किप. पोर्ट ० मागा, म्हणजे सिस्टिम मोकळं पोर्ट देते, आणि सर्व्हर सांगेल तोच पत्ता-पोर्ट वापरा. नाव मध्ये आणूच नका.

धुळेकर: म्हणजे लोकलहोस्ट लिहू नका. तो तरी वेगळं काय म्हणत होता?

तापीकाठ: तो एकच पत्ता ठोकत होता! आमच्या एका सिनियरने कोलनवर स्ट्रिंग तोडून होस्ट आणि पोर्ट काढलेले. ::१ आला की दोन्ही रिकामे. यूआरएलमध्ये त्याला चौकटी कंस लागतो, हे गावीच नाही. वर्षभर कळलं नाही, कारण टेस्टमध्ये सगळीकडे तुमचं लाडकं १२७.०.०.१.

भुसावळ_यार्ड: …कोलनचं आमच्याकडेही असेल. सोमवारी बघतो. पण स्किप झालेली टेस्ट कुणी उघडून बघत नाही, हेही लिहून ठेवा साहेब.

तापीकाठ: ते खरंय.

कळण्याची_पुरी: टोमॅटोवाले कुठे गेले?

धुळेकर: जेवतोय.