मेल आणणं एडिटरवर सोपवूच नका

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये मेल उघडली की नवीन टपाल उतरेपर्यंत सगळा एडिटर गोठून बसतो, त्यामुळे हे रोजच्या वापराचं नाही, अशी एक तक्रार आहे. ग्नसला, म्हणजे ईमॅक्समधल्या मेल वाचायच्या प्रोग्रॅमला, थेट आयमॅप सर्व्हर (जिथे मेल साठते तो) जोडला तर हे अगदी खरं आहे. पण मेल आणायचं काम एडिटरला द्यायचंच कशाला? त्यासाठी वेगळे प्रोग्रॅम आहेत: एमबीसिंक मेल उतरवून मेलडिरमध्ये, म्हणजे आपल्याच मशीनवरच्या मेलच्या फोल्डरांत, ठेवतो, म्यू शोधण्यासाठी तिची सूची बनवतो, एमएसएमटीपी लिहिलेली मेल पाठवतो. एडिटरकडे उरतं ते वाचणं, शोधणं आणि लिहिणं, आणि त्यात त्याचा हात धरणारा दुसरा प्रोग्रॅम मला तरी माहीत नाही.

मात्र या जोडणीत एक अडचण आहे, आणि नवा माणूस हमखास तिथेच अडतो. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते. एमबीसिंक त्या फाइलच्या नावातच ‘यू=१४३२’ असा त्या फोल्डरपुरता क्रमांक लिहितो. म्यू-फोर-ईमधून, म्हणजे म्यूच्या ईमॅक्समधल्या भागातून, ती मेल दुसऱ्या फोल्डरात हलवली की फाइल जुनं नाव घेऊनच जाते. तिथे १४३२ आधीच असला, तर पुढच्या वेळी एमबीसिंक एकच यूआयडी (म्हणजे हाच क्रमांक) दोनदा आल्याची तक्रार करतो आणि त्या फोल्डरचा हिशोब बिघडतो. यावर उपाय म्हणून ईमॅक्सच्या सेटिंगमध्ये ‘म्यू-फोर-ई-चेंज-फाइलनेम्स-व्हेन-मूव्हिंग’ची किंमत ‘टी’ (म्हणजे ‘चालू’) करा. मग हलवताना फाइलला नवं नाव मिळतं आणि एमबीसिंक तिला नवी मेल समजून नवा क्रमांक देतो. ही ओळ मूळ सेटिंगमध्ये नसते, त्यामुळे पहिली मेल हलवण्याआधीच घालून ठेवा.